व्हायोलिन आणि मातीच्या शिट्ट्या

ग्यॉर्ग लिगेती यांच्या एका कॉन्चेर्टोविषयी

पावसाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गवयांकडे बसलो होतो. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत असते तशी त्यांची बैठकीची खोली. कोपऱ्यात गवसणी घातलेले दोन तानपुरे, भिंतीवर गुरूंचे छायाचित्र, खिडकीखाली पेटी. पोहे झाले, चहा झाला, आणि त्यांच्या नातवाने हौसेने एक ध्वनिमुद्रण लावले. एका युरोपियन संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो होता. आरंभ इतका हलका, की वाद्य सुरू झाले की खिडकीची काच थरथरली, हे चटकन कळू नये. मग त्या थरथरीत मागून आणखी एक व्हायोलिन मिसळले, पाठोपाठ व्हायोला. बुवांनी दोन मिनिटे डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "अहो, हे मागचे व्हायोलिन लागलेले नाही. कुणीतरी त्यांना थांबवा आणि वाद्य लावून घ्या म्हणावे."

नातू हसला. आम्हीही हसलो. पण शेरा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. साठ वर्षे तानपुऱ्याशी कान जोडलेल्या माणसाने ऐकले ते बरोबरच ऐकले होते. मागचे व्हायोलिन इतर वाद्यांशी खरोखरच लागलेले नव्हते, फक्त ते चुकून तसे राहिले नव्हते. ते तसे असावे, अशी रचनाकाराची लेखी सूचना होती. ती सूचना कशासाठी, आणि ती देणारा मनुष्य कोण, याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

हा कॉन्चेर्टो ग्यॉर्ग लिगेती यांचा. साश्को गाव्रिलॉफ या वादकासाठी त्यांनी तो लिहिला. तीन खंडांचे त्याचे पहिले रूप ३ नोव्हेंबर १९९० रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरी वाजवले गेले. लिगेतींचे त्याने समाधान झाले नाही. पहिला खंड त्यांनी सरळ टाकून दिला, तो नव्याने लिहिला, आणखी दोन खंड जोडले, आणि पाच खंडांचे रूप ८ ऑक्टोबर १९९२ रोजी पुन्हा कोलोनलाच, पीटर ऑत्वॉश यांच्या संचालनाखाली रसिकांपुढे आले. तेव्हा लिगेती एकोणसत्तर वर्षांचे होते. सबंध रचना अर्ध्या तासाच्या आतबाहेरची. या वयात, नाव झालेले असताना, वाजवून झालेला खंड फाडून टाकणारे लोक थोडे. त्यावरून हे काम त्यांना किती निकराचे वाटत असेल, याचा अंदाज यावा.

आधी त्या न लागलेल्या व्हायोलिनचा उलगडा करू. तानपुऱ्याचा खर्ज छेडला आणि जवारी मनासारखी असली, की त्यातून गांधार आपोआप निघतो. गांधाराची तार कोणी लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो, म्हणून आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. यात चमत्कार काही नाही. ताणलेली तार सबंध लांबीने हलते त्याच वेळी ती निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्श्यांनीही हलत असते, आणि पाचव्या हिश्श्याचा जो स्वर तोच हा गांधार. पियानोचा किंवा पेटीचा गांधार याच्याशी जुळत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग करून जो अर्धस्वर होतो, त्याच्या सुमारे एकसप्तमांशाने तो चढा असतो. तारेच्या सातव्या हिश्श्याचा स्वर तर त्याहून विलक्षण. पेटीवरच्या कोमल निषादापेक्षा तो अर्धस्वराच्या जवळजवळ एकतृतीयांशाने उतरलेला असतो. पेटीच्या कोणत्याही पट्टीवर तो सापडायचा नाही.

लिगेतींनी आपल्या लहानशा वाद्यवृंदात पाच व्हायोलिने, तीन व्हायोला, दोन चेलो आणि एक डबल बास घेतले आहेत. त्यांपैकी एक व्हायोलिन आणि एक व्हायोला बाजूला काढून त्यांच्या तारा वेगळ्या लावायला सांगितल्या आहेत. डबल बासच्या एका तारेतून निघणारा सातवा स्वयंभू स्वर घ्यायचा आणि व्हायोलिन त्याला मिळवायचे. दुसऱ्या तारेतून निघणारा पाचवा, म्हणजे आपला स्वयंभू गांधार घ्यायचा आणि व्हायोला त्याला मिळवायची. परिणाम असा, की व्हायोलिन नेहमीपेक्षा थोडे चढते आणि व्हायोला थोडी उतरते. म्हणजे ही दोन वाद्ये कोणाशीच लागलेली नाहीत असे नव्हे. ती बासच्या पोटातल्या सुरांशी लागलेली आहेत. बाकीचा वाद्यवृंद पियानोच्या हिशोबाने चालतो, ही दोन वाद्ये निसर्गाच्या हिशोबाने, आणि या दोन हिशोबांच्या मधल्या सांदीत मुख्य वादकाला आपली वाट काढायची असते.

हा वाद आपल्याला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची मोजणी करून १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, ते पेटीच्या ठोकळेबाज स्वरांना उत्तर म्हणूनच. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, आणि ते पुढे सुमारे तीस वर्षे बंद राहिले, त्यामागच्या कारणांतही पेटीचे ठरीव स्वर हे एक होते. व्हायोलिनचेच पाहा. हे परदेशी वाद्य आपल्या गवयांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी पहिले काम केले ते तारा फिरवण्याचे. पंचमांनी चढत जाणारी युरोपियन जुळणी मोडून षड्ज-पंचमाच्या जोड्या लावल्या. तंजावरच्या मराठी दरबारात सरफोजी राजांच्या पदरी असलेल्या चार भावांपैकी वडिवेलू यांना पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले. तेव्हापासून हे वाद्य आपल्या जुळणीने नांदते आहे. वाद्य कोणत्या सुरात लावायचे, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या कारागिरीचा नसतो. कोणाचे ऐकायचे, हे त्यात ठरत असते.

लिगेतींच्या आयुष्यात हा प्रश्न फार लवकर आला. त्यांचा जन्म २८ मे १९२३ चा, ट्रान्सिल्व्हानियातल्या एका लहान गावी. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश हंगेरीच्या राज्यात होता. युद्धानंतर तो रुमानियाकडे गेला. घरची भाषा हंगेरियन, राज्य रुमानियाचे, धर्म ज्यू. जगात हंगेरियनशिवाय दुसरी भाषा असते, हे त्यांना लहानपणी कळले ते गावच्या पोलिसांचे आपसांतले रुमानियन बोलणे कानी पडले तेव्हा. उंबऱ्याच्या आत एक बोली आणि बाहेर दुसरी, ही स्थिती इंदूर-देवासच्या मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. घराण्यात व्हायोलिनही होते. ज्याने चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो प्रथम वाजवण्याचे नाकारले तो प्रख्यात वादक लिओपोल्ड आउअर हा त्यांच्याच कुळातला, दोन-तीन पिढ्या आधीचा.

त्या मुलखाच्या डोंगरांत लाकडी लांब शिंगे वाजवण्याची चाल होती. अशा शिंगाला भोके नाहीत, खुंट्या नाहीत. फुंकरीच्या जोरावर त्यातून जे स्वर निघतात ते केवळ स्वयंभू, निसर्गाने दिलेले. लहानपणी ऐकलेला हा आवाज नेहमीच्या संगीताहून अगदी निराळा होता, असे लिगेतींनी पुढे लिहून ठेवले आहे. कॉन्चेर्टोतल्या त्या चढ्या व्हायोलिनचे आणि उतरत्या व्हायोलाचे मूळ शोधायचे तर ते प्रयोगशाळेत नव्हे, या डोंगरात शोधावे लागेल.

पुढची वर्षे लिहायला जड जातात. १९४४ साली त्यांना सक्तीच्या मजुरीच्या पलटणीत धाडले. घरच्या लोकांना छळछावण्यांत नेले. वडील परतले नाहीत. धाकटा भाऊ परतला नाही, तो सोळा वर्षांचा होता. आई डोळ्यांची डॉक्टर होती, ती औशवित्झमधून जिवंत आली. युद्ध संपल्यावर हा तरुण बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकायला गेला. न्यूयॉर्कला गेलेले बेला बार्टोक मायदेशी परततील आणि त्यांच्यापाशी शिकता येईल, ही त्याची आशा होती. सप्टेंबर १९४५ मध्ये तो प्रवेशपरीक्षेसाठी पोचला तेव्हा अकादमीवर काळे निशाण होते. बार्टोक न्यूयॉर्कमध्येच वारले होते.

बार्टोक आणि झोल्टान कोदाय या दोघांनी १९०५-०६ पासून खेडोपाडी हिंडून, मेणाच्या नळकांड्यांवर लोकगीते उतरवून घेतली होती, हे पुष्कळांना ठाऊक असेल. तोच रस्ता धरून लिगेती १९४९-५० मध्ये रुमानियात गेले, बुखारेस्टच्या लोकसाहित्य संस्थेत बसून नळकांड्यांवरची गाणी कागदावर कशी उतरवायची ते शिकले, आणि १९५१ मध्ये त्यांनी रुमानियन धुनांवर एक लहानसा 'कॉन्चेर्ट रोमानेस्क' लिहिला. त्यात सगळे अस्सल लोकगीत नाही. गावच्या वाजंत्र्यांच्या थाटाने स्वतः रचलेलेही पुष्कळ आहे, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले आहे. तिसऱ्या खंडात त्यांनी शिंगांना स्वयंभू स्वरांतच वाजायला लावले.

आता खरी गंमत अशी, की त्या काळच्या हंगेरीत सरकारला लोकसंगीत हवेच होते. लोककला ही राज्याची लाडकी. पण ती धुतलेली, विंचरलेली, गोड केलेली असावी लागे. खेड्यातले वाजंत्री सुरांना सूर घासून वाजवतात तशी नको. या कॉन्चेर्टच्या शेवटच्या खंडात एके ठिकाणी 'फा' या षड्जावर चाललेल्या सुरावटीत 'फा'चा चढा स्वर येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्जाला अगदी लागून कोमल ऋषभ घासतो. तेवढ्यावरून कलाखात्याच्या अधिकाऱ्यांनी सबंध रचना बंद केली. तालमीत ती वाजली, पण सभेत वाजायला १९७१ साल उजाडावे लागले, आणि तेही अमेरिकेत. एका सुरासाठी वीस वर्षे.

या दिवसांत लिगेती दुसरेही काही लिहीत होते, बहुतेक टेबलाच्या खणात ठेवण्यासाठी. १९५१ ते ५३ मध्ये त्यांनी पियानोसाठी अकरा तुकडे रचले. पहिल्या तुकड्यात जवळजवळ एकच स्वर. फक्त शेवटी दुसरा येतो. पुढच्या प्रत्येक तुकड्यात एकेक स्वर वाढवत अकराव्यात बारा पुरे. जणू स्वरांची बाराखडी आपण पहिल्यापासून गिरवायची, कोणाची उसनी घ्यायची नाही, असा पण. यातल्या सातव्या तुकड्यात डावा हात सात सुरांचे एकच आवर्तन फिरवत राहतो, आणि उजव्या हातात एक लांब, उदास, लोकगीतासारखी धून त्या आवर्तनाची फिकीर न करता आपल्या चालीने चालते. ही धून वाचकांनी लक्षात ठेवावी. १९५३ मध्ये लिगेतींनी अकरांतले सहा तुकडे पाच फुंकवाद्यांसाठी मांडले, त्यांत ती तिसऱ्या क्रमांकाला आली. १९५६ च्या शरदात बुडापेस्टला ते वाजले तेव्हा सहावा तुकडा गाळावा लागला. त्यात सूर फार घासतात, असा आक्षेप होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला आणि नोव्हेंबरात रशियन रणगाड्यांनी तो चिरडला. बुडापेस्टच्या रस्त्यांवर गोळीबार चालू असता लोक तळघरांत दडले होते. लिगेती मात्र वर थांबले, कारण कोलोनच्या नभोवाणीवर स्टॉकहाउझेनची नवी विद्युत्-संगीतरचना लागणार होती आणि तळघरात ती नीट ऐकू आली नसती. डिसेंबरात ते पत्नीसह निघाले. आगगाडीत टपालाच्या पोत्यांखाली लपून सरहद्दीकडे, आणि मग रात्री पायी ऑस्ट्रियात. १९५७ मध्ये ते कोलोनला पोचले, त्याच नभोवाणीच्या विद्युत्-संगीत कार्यशाळेत. ज्या शहराचा आवाज त्यांनी बंदुकांच्या आवाजातून ऐकला, त्याच शहरात पस्तीस वर्षांनी आपला कॉन्चेर्टो वाजेल, हे तेव्हा कोणी सांगितले असते तरी त्यांना खरे वाटले नसते.

कोलोनला त्यांना मोकळी हवा मिळाली. १९६१ च्या 'आत्मोस्फेअर' या रचनेत चाल नाही, ठेका नाही. साऱ्या वाद्यवृंदाचा मिळून एक ढग सरकत राहतो. स्टॅन्ली कुब्रिकने १९६८ साली आपल्या अंतराळविषयक चित्रपटात ती वापरली आणि लिगेतींचे नाव जगभर झाले. परंतु या मोकळ्या हवेलाही लवकरच कुंपण आले. नव्या पंथाच्या मंडळींचे काही अलिखित नियम होते. गुणगुणता येईल अशी चाल लिहायची नाही, पाय हलेल असा ठेका द्यायचा नाही, जुन्याचा गंध येऊ द्यायचा नाही. बुडापेस्टच्या कचेरीत घासणारा सूर निषिद्ध होता, इथे गोड सूर निषिद्ध. एकीकडे लोकगीत सक्तीचे, दुसरीकडे लोकगीत लाजिरवाणे. लिगेतींनी पुढे आपली स्थिती तुरुंगातल्या माणसासारखी वर्णिली आहे. एक भिंत नव्या पंथाची, दुसरी भूतकाळाची, आणि आपल्याला दोन्हींतून बाहेर पडायचे आहे.

बाहेर पडण्याची धडपड १९८२ च्या हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोच्या त्रयीपासून दिसू लागते. तीत बल्गेरियन नाचाचा तीन-तीन-दोन असा लंगडा ठेका निःसंकोच आला. ती प्रथम वाजवणाऱ्यांत व्हायोलिनवर गाव्रिलॉफच होते. मध्य आफ्रिकेतल्या शिंगवाद्यांच्या मेळाची ध्वनिमुद्रणे याच सुमारास लिगेतींनी ऐकली आणि अनेक लयी एकाच वेळी कशा चालवाव्यात, याचा धडा खेड्यातल्या वादकांकडून घेतला. या साऱ्याची बेरीज म्हणजे हा व्हायोलिन कॉन्चेर्टो.

त्याचे पाच खंड आता क्रमाने पाहू. पहिला 'प्रेल्युडियम'. यात मुख्य व्हायोलिन मोकळ्या तारांवर आणि हलक्या स्पर्शाच्या सुरांवर पुटपुटत राहते, आणि ती दोन वेगळ्या जुळणीची वाद्ये त्याला झाकोळतात. ठाम असे काही हाती लागत नाही. पाण्यात पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबासारखे सगळे हलत असते.

दुसरा खंड हा या रचनेचा प्राण. त्याला तीन नावे आहेत: आरिया, होकेटस, कोराल. मुख्य वादक सर्वांत जाड तारेवर, एकट्याने, साथीवाचून एक धून सुरू करतो. ओळखीची वाटते, आणि ती आहेच. टेबलाच्या खणातली, १९५१-५३ ची ती सातव्या तुकड्यातली धून. चाळीस वर्षे, दोन देश आणि एक सरहद्द ओलांडून ती इथे आली आहे. मधल्या काळात तिच्यावर कसलाही साज चढवलेला नाही. मग 'होकेटस' येतो. ही मध्ययुगीन युरोपची युक्ती आहे. एकच चाल दोघातिघांत सूरसूर वाटून घ्यायची, एकाने एक सूर टाकायचा, दुसऱ्याने पुढचा, उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालावे तसे. आणि शेवटी 'कोराल', म्हणजे चर्चमधल्या समूहगीतासारखी संथ चाल. पण ती कशावर? ओबो, क्लॅरिनेट, बसून या प्रतिष्ठित वाद्यांचे वादक आपापली वाद्ये मांडीवर ठेवतात आणि ओकारिना उचलतात. ओकारिना म्हणजे भोके पाडलेली मातीची शिट्टी. जोडीला सरकत्या दांड्याच्या शिट्ट्याही आहेत, ज्यांचा सूर एका जागी उभा राहतच नाही. या शिट्ट्या एकमेकींशी पूर्णपणे लागणे शक्य नसते, आणि लिगेतींना नेमके तेच हवे आहे. बुडापेस्टच्या अधिकाऱ्यांनी गावच्या वाजंत्र्यांना जे वाजवू दिले नाही, ते इथे पंक्तीत मानाच्या पाटावर बसले आहे.

तिसरा 'इंटरमेझो' लहान आहे. वर व्हायोलिनची लांब, उंच सुरावट. खाली तारवाद्ये कड्यावरून पाणी कोसळावे तशी सारखी उतरत जातात, आणि पाहता पाहता सगळे एका आघातात तुटते. ही अखेर काहींना आडदांड वाटेल. आम्हालाही पहिल्यांदा वाटली. चौथा 'पासाकाल्या' अगदी मंद आरंभापासून एकेका अर्धस्वराने चढत जाणारा, आणि जो चढ संपेल असे वाटते तो संपतच नाही. शेवटी वरच्या सप्तकात ओरडल्यासारखा थांबतो. पाचव्या 'आपास्सिओनातो' खंडात मागच्या साऱ्याचे तुकडे गर्दी करतात. ठेके एकमेकांवर आदळतात, आणि खरे बोलायचे तर दोन-तीनदा ऐकल्याखेरीज धागा हाती लागत नाही. अखेरीस वादकाला एकट्याने वाजवायची मोकळीक आहे, तिला कादेन्झा म्हणतात. लिगेतींनी ती स्वतः न लिहिता वादकाच्या स्वाधीन केली. गाव्रिलॉफ यांनी ती टाकून दिलेल्या पहिल्या खंडाच्या सामग्रीतून रचली. टॉमस आडेस या इंग्रज संगीतकाराने पुढे दुसरी रचली. पण वादक रंगात येतो न येतो तोच वाद्यवृंद त्याला मध्येच तोडतो, आणि दोन-चार फटकाऱ्यांत खेळ आटोपतो. समेवर येऊन टाळी घेण्याचे सुख या रचनेत नाही. ज्याच्या आयुष्यातले कोणतेच पर्व आपल्या आपण संपले नाही, दरवेळी बाहेरच्या कोणीतरी येऊन संपवले, त्याने शेवट असा केला यात नवल कसले.

इथे आपल्या माळव्यातल्या एका थोर माणसाची आठवण आल्यावाचून राहत नाही. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. पण कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, लिगेतींहून जेमतेम एका वर्षाने धाकटे, आणि ते गेले जानेवारी १९९२ मध्ये, हा कॉन्चेर्टो पुरा झाला त्याच वर्षी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कानडी घरातला मुलगा क्षयाने आजारी पडून १९४८ मध्ये देवासला आला. गाणे बंद, बोलणे बंद. अंथरुणावर पडल्यापडल्या खिडकीतून माळव्याच्या बायकांची गाणी कानी येत. पुढे त्यांनी ती गाणी गोळा केली, त्यांच्या धुनांतून राग कसा उगवतो ते दाखवले, आणि 'अनूपरागविलास'मध्ये, १९६५ साली, आपल्या नव्या रागरचना छापल्या. त्यांच्यावरही दोन्ही बाजूंनी टीका झाली. घराण्याच्या कर्मठांना ते बंडखोर वाटले, तर केवळ लोकगीताची गोडी हवी असणाऱ्यांना फार अवघड. दोघांचे म्हणणे एकच होते. लोकधून ही कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, आणि पाहुण्यांपुढे नटवून आणण्याची बाहुलीही नव्हे. तिच्यात विचार आहे, आणि तो पुढे नेता येतो. मात्र त्यासाठी तिचे खडबडीत अंग तासून टाकता कामा नये.

आपल्या जुन्या घरांना हे ऐकवण्यात आमचा थोडा स्वार्थ आहे. शे-दोनशे वर्षांपूर्वी देश सोडून आलेल्या आपल्या घरांत ओव्या, आरत्या, हदग्याची गाणी अजून आहेत. पण ती आपण कशी जपतो? बहुतेक वेळा मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात, पेटीच्या काळी चारमध्ये बसवून, माळवी ढंगाचा जो हेल आजीच्या गळ्यात नकळत शिरला होता तो दुरुस्त करून. तो हेलच आपला आहे, पुण्यामुंबईकडे तो मिळायचा नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. बुडापेस्टच्या त्या अधिकाऱ्यांना हसणे सोपे आहे. आपल्याच घरातला घासणारा सूर आपण किती वेळा खोडून काढला, हे विचारणे कठीण आहे.

लिगेती १२ जून २००६ रोजी व्हिएन्नात वारले. कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. पिएर बुलेझ यांच्या संचालनाखाली स्वतः गाव्रिलॉफ यांनी केलेले एक, आणि पात्रिसिया कोपाचिन्स्काया हिने ऑत्वॉश यांच्याबरोबर केलेले दुसरे. पहिले नितळ, दुसरे अधिक तापट. ज्यांना हे संगीत नवे आहे त्यांनी आरंभ दुसऱ्या खंडापासून करावा, तोही संध्याकाळी, घर शांत असताना.

त्या रविवारी आम्हीही शेवटी तेच केले. हकीकत ऐकून झाल्यावर बुवांनी नातवाला दुसरा खंड लावायला सांगितला. ती एकटी धून त्यांनी मान खाली घालून ऐकली. शिट्ट्या आल्या तेव्हा वर पाहिले आणि म्हणाले, "जत्रेतल्या शिट्ट्या आहेत ह्या. पण जत्रेत उभा राहून वाजवत नाहीये हा. जत्रा उठून गेल्यावर वाजवतो आहे." मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. बाहेर पाऊस लागला होता. त्यांनी कोपऱ्यातल्या तानपुऱ्याची गवसणी काढली, खर्ज छेडला, जवारीशी कान नेला आणि बराच वेळ गांधार ऐकत राहिले. नंतर नातवाला म्हणाले, "आता पहिल्यापासून लाव."

नातवाने पहिल्यापासून लावले. ती काचेसारखी थरथर आली, मागचे चढे व्हायोलिन आले, उतरलेली व्हायोला आली. मघाच्या त्याच जागी बुवांनी डोळे मिटले. या खेपेस ते काही बोलले नाहीत.